कित्ता, रुपये सात

ज्या कचेरीचा जन्मच मुळी दुसऱ्यांच्या चुका काढायला झाला, तिच्या स्वतःच्या पगारपत्रकात एक ओळ अशी होती की तिचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. आता बोला. बंदराचे हिशेब, तुरुंगाचे हिशेब, रस्त्यांचे हिशेब, अख्ख्या वसाहतीचे हिशेब त्या दगडी इमारतीत यायचे, आणि एका पैशाचा घोळ दिसला तरी तांबड्या शाईत शेरा पडायचा, ‘खुलासा व्हावा’. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ती ओळ दिसली चौकसरावांना. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. कचेरीतलं घड्याळ बंद पडलं तेव्हा बाकीचे म्हणाले, घड्याळजीला बोलवा. हे म्हणाले, सव्वाचारलाच का बंद पडलं? असा माणूस. अशा माणसाच्या हाती पगारपत्रक द्यायला नको होतं, पण हेडक्लार्कांची दाढ ठणकत होती, आणि दुखणाऱ्या दाढेने बेरीज होत नाही.

साहेब नवा होता. समुद्रापलीकडून येऊन जेमतेम दोन महिने झालेला, उंच, कोरडा, आणि कमी बोलणारा. त्याने मंगळवारी चौकसरावांना समोर उभं करून सांगितलं, “पुढच्या वर्षी पगारांसाठी महिना तीनशे रुपये मंजूर आहेत. त्यात सगळं बसवा. एक टंकलेखक नवा घ्यायचा आहे, त्याला चौदा. आणि पत्रक नीट बसलं, तर तुम्हाला पाचची बढती.”

पाच म्हणजे किती, ते चौकसरावांना विचारा. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात ते, बायको, दोन मुलं, आणि गेल्या वर्षी नवरा गेल्यापासून येऊन राहिलेली थोरली बहीण, आक्का. शेजारची खोली रिकामी होती. मालकीणबाई महिना पाच जास्त मागत होती. बायकोने त्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन पडद्याचं कापडही मनात ठरवलं होतं. तेव्हा चौकसराव त्या दिवशी जागेवर आले ते जवळजवळ उडतच.

त्यांनी बेरीज मांडली. आहेत त्या एकोणीस माणसांचे दोनशे अठ्ठ्याऐंशी. टंकलेखकाचे चौदा. आपले पाच. तीनशे सात झाले. सात जास्त. पुन्हा केली, पुन्हा सात जास्त. मग ते एकेक ओळ बोटाने खाली उतरू लागले, आणि पार तळाला येऊन थांबले. तिथे लिहिलं होतं :

पाणक्या – १ – रुपये ७
कित्ता – १ – कित्ता

कित्ता म्हटलं की आपल्याला शाळेतलं अक्षर गिरवणं आठवतं. पण यादीत कित्ता म्हणजे ‘वरच्याप्रमाणेच’. वरचंच पुन्हा लिहायचा कंटाळा आला, की लिहिणारा खाली ‘कित्ता’ टाकून मोकळा होतो. म्हणजे एक पाणक्या सात रुपयांचा आणि खाली दुसरा पाणक्या सात रुपयांचा. पण कचेरीला दोन पाणके कशाला? एकोणीस माणसं अशी किती पाणी पिणार?

“काढून टाका,” हेडक्लार्क गालावर फडकं दाबून म्हणाले. “सात जास्त आहेत ना? सातचीच ओळ आहे. सुंठीवाचून खोकला गेला.”

“पण हा आहे कोण?”

“कित्तेबुवा. कागदांच्या खोलीत बसतात ते.”

“करतात काय?”

“कित्ता,” असं म्हणून हेडक्लार्क हसायला गेले आणि दाढ धरून बसले.

चौकसरावांनी साहेबालाच विचारलं. साहेबाने मान वर केली नाही. “ज्या ओळीचा खुलासा नाही, ती ओळ नाही,” तो म्हणाला. “शनिवारी दुपारी पत्रक माझ्या टेबलावर पाहिजे.”

खरं तर तिथेच काम संपत होतं. ओळ खोडायची, पाच घ्यायचे, पडदा शिवायचा. पण चौकसरावांच्या डोक्यात किडा वळवळला की तो बाहेर निघेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नसे. ते कागदांच्या खोलीकडे गेले.

कित्तेबुवांना रोज पाहत होते ते, पण आज पहिल्यांदा बघितलं. साठीच्या आसपासचा वाळकुडा माणूस, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, नखं स्वच्छ. सकाळी पाण्याच्या घागरी भरून ठेवायचे. मग जुनी दप्तरं बांधायची, ती इतकी चापूनचोपून की सुटताना गाठ रागवावी. नकलनवीस आजारी पडला की त्याच्या नकलाही तेच उतरवायचे. पाणक्याला असलं अक्षर येतं कुठून, हे इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. आणि दुपारी तासभर ते एक जाडजूड वही उघडून ओठ हलवत आकडे मोजत बसत. तेच आता चाललं होतं.

“बुवा, तुमचा हुद्दा काय?” चौकसराव स्टूल ओढून बसले.

“पत्रकात काय लिहिलंय?”

“कित्ता.”

“मग तोच.”

“कशाचा कित्ता?”

“वर असेल त्याचा. हल्ली पाणक्या आहे वर. म्हणजे पाणक्या.”

“हल्ली?” चौकसरावांचे कान टवकारले. “आधी दुसरं काही होतं?”

म्हाताऱ्याने वही मिटली. “ते राहू द्या. तुम्ही ओळ काढायला आलात ना? काढा. चार महिनेच राहिलेत माझे.”

“मग पेन्शन?”

“पेन्शन कारकुनी हुद्द्याला असतं, तेसुद्धा ज्या हुद्द्यावर नेमणूक झाली त्या हिशेबाने. पाणक्याला कसलं पेन्शन, आणि कित्त्याला तर त्याहून नाही. मुलीकडे राहतो मी. जावई भला आहे. पण भलेपणालासुद्धा भाडं लागतं हो.”

“नेमणूक कुठल्या हुद्द्यावर झाली होती?”

कित्तेबुवांनी वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, “माझ्या हातून एक चूक झाली. तिची शिक्षा झाली. झालं ते झालं.”

“कसली चूक?”

“तीच शोधतोय,” ते म्हणाले, आणि पाण्याची घंटा वाजली म्हणून उठून गेले.

चौकसराव त्या संध्याकाळी घरी आले ते डोकं खाजवत, आणि दारातच भांडण. धोबी नुकताच कपडे टाकून गेला होता आणि त्यांचा एक सदरा आला नव्हता. कोपराला फाटलेला होता खरा, पण सदरा तो सदरा.

“यादीत लिहिलं होतं मी,” बायको म्हणत होती. “सदरे चार, खाली कित्ता फाटका एक. आता बघा ही यादी. सदरे चार, आणि फाटक्याचा पत्ताच नाही.”

“तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांचे पाय,” आक्का शांतपणे म्हणाली. “म्हणून मी नीट उतरवून दिली. मोठे कपडे वर, बारीक खाली. फाटकंतुटकं सगळं तळाशी. काय चुकलं?”

बायकोने यादी नाचवली. “हे बघा. पायपुसणी दोन, खाली कित्ता फाटके एक. धोब्याने एक फाटकं पायपुसणं आणून टाकलंय, देव जाणे कुणाच्या घरचं, आणि म्हणतो हिशेब चोख. वन्सं, अहो कित्त्याला स्वतःचं असं काही नसतं. तो ज्याच्या खाली बसेल त्याचा होतो. त्याची ओळ उचलून भलतीकडे ठेवली, की झालं.”

चौकसराव पायपुसण्यावर उभे होते, ते उभेच राहिले.

“काय हो? सदऱ्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका,” बायको म्हणाली.

“सदरा गेला खड्ड्यात,” चौकसराव म्हणाले. “तू काय बोललीस ते पुन्हा बोल.”

बुधवारी आणि गुरुवारी त्यांनी जुनी पगारपत्रकं काढली. नाकात धूळ, डोळ्यांत पाणी, पण सोडतोय कोण. पाच वर्षं मागे गेले, सगळीकडे पाणक्याखाली कित्ता. सहाव्या वर्षी मात्र कित्ता पाणक्याखाली नव्हता. तो होता दप्तरबांध्याखाली, रुपये अकरा. पत्रकाचा क्रम बदलला होता, आणि कित्त्याची ओळ सरकली होती. आणखी मागे गेले. बारा वर्षांपूर्वी कित्ता नकलनवीसाखाली, रुपये अठरा. जीव मुठीत धरून शेवटचं, तेविसाव्या वर्षाचं पत्रक उघडलं. त्यात वरून तिसरी आणि चौथी ओळ अशी होती :

दुय्यम हिशेबनीस – १ – रुपये ३५
कित्ता – १ – कित्ता

म्हणजे पाणी भरणारा हा माणूस या कचेरीत हिशेबनीस म्हणून लागला होता. पस्तिसावर. कुणी त्याला काढलं नव्हतं, कुणी खाली उतरवलं नव्हतं, कसला हुकूम नाही, शेरा नाही. फक्त त्याची ओळ उचलून भलत्याखाली ठेवली गेली, आणि खजिनदार पगार देताना यादी बघतो, माणूस बघत नाही. पहिल्यांदा ती चूक असेल. पण पुढे प्रत्येक वेळी बेरीज मंजुरीच्या वर गेली, की हा बिनआकड्याचा कित्ता आणखी खाली सरकला होता. कुणाचा पगार कापला, असं कागदावर कुठेच दिसत नव्हतं. चूकच सोय होऊन बसली होती.

पाच वर्षांपूर्वीचं पत्रक घेऊन ते हेडक्लार्कांकडे गेले. अक्षर हेडक्लार्कांचंच होतं.

“चार कमी पडत होते तेव्हा,” हेडक्लार्क पुटपुटले. “मी नुसती ओळ खाली घेतली. पगार कुणाचाच कापला नाही मी.”

“कुणाचाच नाही?”

हेडक्लार्कांनी गालावर फडकं दाबलं. या वेळी दाढ दुखत होती की नाही, कोण जाणे.

शुक्रवारी सकाळी चौकसराव सगळी पत्रकं कवेत घेऊन कागदांच्या खोलीत गेले आणि एकेक करून कित्तेबुवांसमोर मांडली. वर पाणक्या, वर दप्तरबांध्या, वर नकलनवीस. शेवटी तेविसाव्या वर्षाचं.

“बुवा, तुम्हाला शिक्षा कुणी केलीच नव्हती,” ते म्हणाले. “ओळ सरकली, एवढंच.”

कित्तेबुवांनी ऐकलं की नाही कळेना. मग ते हळूहळू बोलू लागले. “बंदरावरच्या सरकारी वखारीचा हिशेब मी तपासला होता. मालात तूट निघाली. मी खुलासा मागितला. तेव्हाच्या साहेबांना आवडलं नाही. म्हणाले, तुमच्याच बेरजेत चूक असेल, पुन्हा पाहा. पुढच्याच महिन्यात हातावर अठरा पडले. मी समजलो, माझी चूक पकडली त्यांनी. कुठली ते विचारायची लाज वाटली. हिशेबनीसाने विचारायचं, माझं काय चुकलं? म्हणून मीच शोधत बसलो.” त्यांनी जाडजूड वही पुढे सरकवली. “ही त्या वखारीची. बावीस वर्षांत किती वेळा तपासली, त्याला गणती नाही. चूक सापडत नाही.”

“कारण ती तिथे नाहीच,” चौकसराव म्हणाले. त्यांना राग आला होता, पण नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. “चूक या कागदात आहे. हा बघा, बावीस वर्षांपूर्वीचा. इथे पहिल्यांदा तुमची ओळ हलली. ज्याने हे पत्रक उतरवलं ना, तो भेटला तर मी त्याला—”

कित्तेबुवांनी कागद हातात घेतला. मग उठून खिडकीशी गेले आणि उजेडात धरला. त्यांचं बोट ओळीओळीने खाली आलं आणि ‘कित्ता’वर थांबलं. सुरेख कित्ता होता. एक खाडाखोड नाही, शेवटच्या कान्याला खाली बारीकसं वळण दिलेलं.

“चौकसराव,” ते म्हणाले, “माझं अक्षर आहे हे.”

खोलीत नुसता शाईचा वास होता.

“साहेबांनी सांगितलं होतं, पत्रक खोल्यांप्रमाणे लावून द्या, तुमचं अक्षर चांगलं आहे. मी नकलनवीसांच्या खोलीत बसायचो. तिथे खिडकी मोठी होती, उजेड बरा यायचा. म्हणून मीच माझी ओळ उचलली आणि नकलनवीसांच्या खाली ठेवली. किती जपून लिहिलं होतं मी हे.” मग अचानक त्यांच्या तोंडावर असं काही आलं, की चौकसराव घाबरलेच. म्हातारा हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हसत होता.

“सापडली,” ते म्हणाले. “सापडली एकदाची. काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

चौकसरावांनी फरकाच्या रकमेचा विषय काढला, तर बुवांनी हात हलवून तो झटकला. “ज्याची चूक, त्याच्याकडून वसुली. हा नियम मी दुसऱ्यांना लावलाय. फरक नको मला. फक्त ओळ ठेवा चार महिने. आणि जमलं तर तिच्यात हुद्दा…” पुढे पेन्शनचं बोलायचं त्यांनी टाळलं, पण चौकसरावांना ते पूर्ण ऐकू आलं.

आता सात कुठून आणायचे? हेडक्लार्कांसमोर बसून त्यांनी बेरीज मांडली. टंकलेखक अजून नेमलेला नव्हता, त्याचे चौदाचे बारा केले तर कुणाच्या पोटावर पाय येत नव्हता. हेडक्लार्कांनी चौदा खोडून स्वतःच्या हाताने बारा लिहिले. तेवढं प्रायश्चित्त त्यांना पुरलं असावं, कारण मग ते म्हणाले, “अजून पाच राहिले. ते कुठून काढणार?”

ते पाच कुठे आहेत, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी बायको शेजारच्या खोलीतच होती. मालकीणबाईकडून किल्ली मागून आणली होती आणि दोरीने खिडकी पुन्हा मोजत होती. चौकसरावांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिचा चेहरा पडला. पडणारच. एका खोलीत पाच माणसं, त्यात नणंद, हे ज्याला भोगावं लागतं त्यालाच कळतं.

“म्हणजे त्या आजोबांची चूक, त्या हेडक्लार्कची लबाडी, आणि दंड मला,” ती म्हणाली.

“हो,” चौकसराव म्हणाले. तिच्याशी खोटं बोलायची त्यांची टाप नव्हती.

तिने दोरी गुंडाळली, तीही घट्ट, चिडून. किल्ली त्यांच्या हातात दिली. दारापर्यंत गेली आणि वळली. “ओळ लिहाल ना, तेव्हा पूर्ण शब्द लिहा. पुन्हा कित्ता लिहाल तर याद राखा.”

शनिवारी दुपारी पत्रक साहेबाच्या टेबलावर होतं. साहेबाने आधी तळाची बेरीज पाहिली. तीनशे. मग तो वर चढू लागला आणि चौथ्या ओळीवर अडखळला. तिथे लिहिलं होतं : ‘दुय्यम हिशेबनीस – १ – रुपये ७’.

“वर पस्तीस आणि इथे सात?”

“खुलासा सोबत जोडलाय, साहेब,” चौकसराव म्हणाले.

खुलासा एका पानाचा होता. साहेबाने तो वाचला, मग पुन्हा वाचला. “बावीस वर्षांत ही गोष्ट कुणालाच दिसली नाही?”

“आम्ही दुसऱ्यांचे हिशेब तपासतो, साहेब.”

साहेबाने पुन्हा पत्रकावर नजर फिरवली. मग म्हणाला, “तुमची बढती यात दिसत नाही.”

“बसत नव्हती.”

साहेबाने सही केली, शाई टिपली आणि कागद परत दिला.

चौकसराव तो कागद घेऊन जवळजवळ पळतच कागदांच्या खोलीत गेले. कित्तेबुवा घागर उचलून बाहेर निघत होते. चौकसरावांनी त्यांच्या हातातली घागर घेऊन खाली ठेवली आणि पत्रक समोर धरलं. बुवांनी ते वाचलं. चौथी ओळ बोटाने एकदा सावकाश पुसून पाहिली, ओली तर नाही ना म्हणून.

मग ते जागेवर जाऊन बसले. वखारीची वही उघडून शेवटचं पान काढलं. त्या पानावर तळाशी, तपासणाऱ्याने सही करायची ती जागा बावीस वर्षं कोरी होती. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि आपल्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘तपासले. तूट आहे. बेरीज बरोबर आहे.’ खाली सही केली, आणि सहीखाली हुद्दा घातला. पूर्ण.

“बुवा, आता काय करणार?” चौकसरावांनी विचारलं. न विचारता त्यांना राहवलं नसतं.

“आता?” दुय्यम हिशेबनीस म्हणाले. “आता वखारीकडून खुलासा मागवायचा.”